‘मिळालं नाही’ची वही

माझ्या कपाटात लाल पाठीच्या अकरा वह्या आहेत, लांबट आणि जाड पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, कोण, काय मागितलं, का मिळालं नाही. पस्तीस वर्षांहून अधिक काळ मी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत काम केलं, आधी मुंबईत आणि मग जयपुरात. काउंटरवर आलेल्या वाचकाला ‘नाही’ म्हणावं लागलं की मी ही वही काढायचे. निवृत्तीनंतर या वह्या माझ्याबरोबर प्रताप नगरच्या घरी आल्या.

२००९ च्या जुलैमधली एक नोंद अशी आहे. कोण: निवासी डॉक्टर, भूलशास्त्र. काय मागितलं: तान्ह्या मुलांच्या भुलेवरचा एक लेख. का मिळालं नाही: वर्गणी गेल्या वर्षी बंद केली. त्याखाली माझ्याच अक्षरात, वेगळ्या शाईने: ‘दिल्लीहून झेरॉक्स आली. एकोणीस दिवस लागले. मूल तोवर घरी गेलं होतं.’

मूल बरं होऊन घरी गेलं, ही चांगली गोष्ट. पण त्या निवासी डॉक्टर मुलीने लेख मागितला होता तो शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी. आणि वर्गणी बंद करायचा निर्णय ज्या बैठकीत झाला, तिथे भूलशास्त्राचा एकही निवासी डॉक्टर नव्हता.

आमच्या व्यवसायाचा इतिहास लिहिताना काय काय विकत घेतलं, ते सांगतात: इतकी पुस्तकं, इतकी जर्नलं, अमुक डेटाबेस. मला तो दुसऱ्या बाजूने सांगायचा आहे. घेताना कोणाला विचारलं?

मी राहते ती प्रताप नगर वसाहत जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडच्या बाजूला, राजस्थान हाउसिंग बोर्डाने वसवलेली. नाव महाराणा प्रतापांचं, म्हणून रस्तेही मेवाडच्या इतिहासातले: हळदीघाटी मार्ग, कुंभा मार्ग. शेजारी सांगानेर, जिथे कागझी लोकांचा हातकागदाचा धंदा अजून चालतो. कुंभा मार्गावर सेक्टर १८ मध्ये राजस्थान आरोग्य विज्ञान विद्यापीठ (आरयूएचएस) आहे, २००५ च्या कायद्याने स्थापन झालेलं. राज्यातली अनेक वैद्यकीय, दंतवैद्यकीय, नर्सिंग, फार्मसीची महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. सकाळी दूध आणायला निघाले की पांढऱ्या कोटातली मुलं-मुली दिसतात. हे सगळे वाचक आहेत, आणि माझ्या वह्यांमधल्या ‘कोण’ या रकान्यात याच वयाची माणसं आहेत.

या शहरात महागडी माहिती दुरून आणवण्याची एक जुनी गोष्ट आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूर वसवलं. त्याच सुमारास त्यांनी फादर मॅन्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर एक शिष्टमंडळ पार पोर्तुगालला पाठवलं. युरोपातल्या ज्योतिर्विदांकडे काय नवं आहे ते बघायचं आणि ग्रंथ आणायचे, एवढ्यासाठी. फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला हिर यांची ग्रहगणिताची कोष्टकं अशी त्यांच्या हाती आली. जयसिंगांनी ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तर चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक निघाला. त्यांच्या ‘झीज-इ-मुहंमदशाही’ या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत तो नोंदलेला आहे. त्यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट होते. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण, अशी परंपरा. तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडचं ‘रेखागणित’ त्यांनीच संस्कृतात आणलं.

ही गोष्ट मला जवळची वाटते ती राजाच्या ऐश्वर्यामुळे नाही. इथे पैसे देणारा, ग्रंथ निवडणारा आणि तो वापरणारा एकच माणूस होता. ग्रंथ आला की दुसऱ्या रात्री तो आकाशाशी ताडायचा आणि चूक सापडली तर लिहून ठेवायची. पुढे ग्रंथालयं मोठी झाली तशी ही तीन माणसं वेगळी झाली. पैसे एक देतो, निवड दुसरा करतो, वाचतो तिसरा. महागड्या साधनांची बहुतेक दुखणी या तिघांमधल्या अंतरातून आलेली आहेत.

माझं माहेर नाशिकचं. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आमच्या तोंडी ‘सावाना’. वडील सभासद होते. वाचनालयाची कार्यकारिणी सभासद निवडून देतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत घराघरांत त्यावर बोलणं चालतं. वडील मतदानाला इस्त्रीचा सदरा घालून जायचे. वर्गणी भरणारा माणूस कारभाऱ्याला जाब विचारू शकतो, हे मी लहानपणी वाचनालयात पाहिलं. म्हणून ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथन यांची १९३१ ची पाच सूत्रं समोर आली तेव्हा ती नवी वाटली नाहीत. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाचातल्या तीन सूत्रांत वाचक नावानिशी हजर आहे.

१९८४ मध्ये मुंबईत नोकरीला लागले आणि पहिला धक्का बसला तो ग्रंथालय समितीच्या रचनेचा. अध्यक्ष अधिष्ठाता, सभासद विभागप्रमुख, सचिव ग्रंथपाल. निवासी डॉक्टर नाही, इंटर्न नाही, नर्सिंगच्या ट्यूटर सिस्टर नाहीत. रात्री दोन वाजता वॉर्डात ज्याला शंका येते तो कोणीच नाही.

तेव्हाची जर्नलं कागदाची. सपाट खणांचं लोखंडी कार्डेक्स कपाट हे माझं राज्य होतं. एका जर्नलला एक कार्ड, त्यावर बारा महिन्यांची घरं. अंक आला की घरात तारीख. घर रिकामं राहिलं की वितरकाला स्मरणपत्र. हवाई टपालाने येणारे अंक पातळ, सळसळणाऱ्या कागदाचे असत. दिवाळीनंतर नूतनीकरणाची लगबग सुरू व्हायची, कारण पुढच्या वर्षाचे पैसे आधी भरावे लागत. परकीय चलनाचा दर कोणता धरायचा यासाठी पुस्तकविक्रेत्यांच्या ‘गुड ऑफिसेस कमिटी’चं परिपत्रक यायचं, ते आम्ही फळ्यावर लावायचो.

१९९१ च्या जुलैत १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं. एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर तीन दिवसांत पंचवीस रुपयांच्या पुढे गेला. ज्या अंदाजपत्रकात जर्नलं जेमतेम बसत होती तेच अंदाजपत्रक एकदम तोकडं झालं. देशभरातल्या ग्रंथपालांनी त्या वर्षी कात्री हातात घेतली. आमच्याकडे ठरलं की प्रत्येक विभागाने आपली काही जर्नलं सोडावीत. विभागप्रमुखांनी यादीवर लाल रेघा मारल्या आणि यादी माझ्याकडे आली. त्या आठवड्यात मी पहिली वही विकत घेतली.

कात्री कशी लावायची, हा प्रश्न जगभर जुनाच आहे. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या ग्रोस आणि ग्रोस यांनी एक युक्ती काढली. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलातल्या लेखांच्या तळटीपा मोजायच्या आणि ज्या नियतकालिकांचे उल्लेख जास्त, ती आपल्या महाविद्यालयाने आधी घ्यायची. तिथून युजीन गारफील्ड यांच्या कामातून, उल्लेखांवरून जर्नलचं वजन ठरवणारा इम्पॅक्ट फॅक्टर आला. ऑनलाइन युग आल्यावर २००२ मध्ये ‘काउंटर’ हा प्रकल्प सुरू झाला, कोणत्या जर्नलमधले लेख किती वेळा उघडले ते सगळ्या प्रकाशकांनी एकाच पद्धतीने मोजावं म्हणून. ही सगळी मोजणी उपयोगाची आहे आणि मी स्वतः ती वर्षानुवर्षं केली. पण मोजणीत मिळालेलं दिसतं, न मिळालेलं दिसत नाही. ज्याने एकदा विचारलं, ‘नाही’ ऐकलं आणि पुन्हा आला नाही, तो कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्याच्यासाठी वही लागते.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर मला या संदर्भात नेहमी आठवतात. कोकणात विंचूदंशाने माणसं मरत होती, मुलं मरत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवला, आणि ते काम लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशावर वाचणारे किती? कोणत्याही मोठ्या शहराच्या ग्रंथालयाने डोकी मोजली असती तर हा विषय यादीच्या तळाला गेला असता. वाचकाला विचारणं म्हणजे मतदान घेणं नाही, हे मी यावरून शिकले. शंभरांना हवं ते घ्याच, पण एकट्याला का हवं ते ऐकून घ्या.

१९७१ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांच्या राउंडबरोबर वॉर्डात पाठवलं. प्रश्न रुग्णाच्या पलंगाशी उठतो, तर ग्रंथपालाने तिथे असावं, इतका साधा विचार. मला दर आठवड्याला तसं जाणं जमलं नाही, पण जमेल तेव्हा मी मेडिसिनच्या राउंडमागे चालत गेले. तिथे ऐकलेले प्रश्न समितीच्या टिपणात घालायची सवय लागली. ‘मागणी आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘वॉर्ड सातमध्ये हा प्रश्न तीनदा आला’ असं लिहिलं की अध्यक्ष चष्मा काढून पुन्हा वाचत.

जयपुरात आल्यावर एका वर्षी पुन्हा कपात आली. त्या वेळी मी एक गोष्ट केली, ती सांगण्यासारखी आहे. वाचनकक्षातली सहा टेबलं रिकामी केली आणि चालू परदेशी जर्नलांचे अंक त्यांवर मांडले. प्रत्येक अंकाखाली एक चिठ्ठी, तिच्यावर वर्षाची वर्गणी रुपयांत. शिक्षकांना निळी पेन्सिल, निवासी डॉक्टरांना लाल, नर्सिंगला हिरवी. तीन दिवस टेबलं तशीच ठेवली. ज्याला जे हवं त्याने चिठ्ठीवर खूण करायची आणि मागे एक ओळ लिहायची: कशासाठी हवं.

पहिल्या दिवशी लोक नुसते किमती वाचत उभे राहिले. वर्षानुवर्षं वाचलेल्या जर्नलची किंमत बहुतेकांनी प्रथमच पाहिली. पॅथॉलॉजीचे एक ज्येष्ठ सर आपल्या आवडत्या जर्नलपाशी बराच वेळ थांबले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘मॅडम, मुझे इसमें से साल में तीन-चार लेख चाहिए होते हैं. आप दिल्ली से मँगवा दीजिए, इसे छोड़ दीजिए.’ समितीत त्याच सरांनी ते जर्नल कधी सोडलं नसतं, कारण तिथे ते विभागाचा मान होतं. नर्सिंगच्या ट्यूटर सिस्टर घोळक्याने आल्या, आणि त्यांच्या हिरव्या खुणा एकाच ठिकाणी साचल्या: पलंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या शुश्रूषेवरचं एक जर्नल, जे आम्ही घेतच नव्हतो. एका कोऱ्या चिठ्ठीवर त्यांनी त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. किंमत इतर कोणत्याही परदेशी जर्नलपेक्षा कमी. ते जर्नल पुढच्या जानेवारीपासून सुरू झालं.

असाच प्रयोग कॅनडात मॉन्ट्रिऑल विद्यापीठाने फार मोठ्या प्रमाणावर केला. प्रकाशकांच्या घाऊक करारांतली सुमारे पन्नास हजार जर्नलं त्यांनी अध्यापक आणि विद्यार्थ्यांसमोर ठेवली. अत्यावश्यक ठरली ती सहा हजारांच्या आत. तेव्हा मला माझी सहा टेबलं आठवली.

उलट अनुभवही आहे. मी काम केलेल्या एका संस्थेत एक महागडा डेटाबेस एका रात्रीत आला. वरून ठरलं, पैसे भरले, कोनशिलेसारखा फलक लागला. वाचकांना कोणी विचारलं नव्हतं. पासवर्ड फक्त संगणक कक्षात चालायचा, आणि संगणक कक्ष पाचला बंद व्हायचा. निवासी डॉक्टरांची सवड रात्रीची. त्या वर्षीच्या वहीत ‘का मिळालं नाही’ या रकान्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा आहे: ‘आहे, पण रात्री उघडत नाही.’ मी लेखी कळवलं, दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही, आणि तीन वर्षांनी तो डेटाबेस ‘वापर कमी’ या कारणाने बंद झाला. तो राग माझ्या मनात अजून आहे, कारण त्या फायलीत दोष वाचकांच्या नावावर लिहिला गेला.

एकेकट्या ग्रंथालयाला किंमत झेपेना, तेव्हा एकत्र वर्गणी भरणारे ग्रंथालयांचे संघ उभे राहिले. बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २००३ मध्ये ‘हेलिनेट’ हा संघ सुरू केला. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे भरून उपचारांच्या पुराव्यांचे आढावे देणारी कोक्रेन लायब्ररी देशातल्या प्रत्येकाला मोफत उघडून दिली. २००८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने शासकीय संस्थांसाठी ‘एर्मेड’ संघ उभा केला. मुंबईत तर त्याआधीच एक वेगळी वाट निघाली होती. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. ते इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवलं गेलं. या सगळ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण कोक्रेन उघडल्यानंतरही कितीतरी महिने माझ्या काउंटरवर येणाऱ्या मुलांना ते उघडलं आहे हे ठाऊक नव्हतं. मी छापील पत्रक हॉस्टेलच्या मेसमध्ये लावलं, मग चौकश्या सुरू झाल्या.

२०२० मध्ये आमच्या प्रताप नगरातलं आरयूएचएसचं रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. दिवसरात्र रुग्णवाहिका जायच्या. जगातल्या मोठ्या प्रकाशकांनी त्या काळात कोविडचे लेख सर्वांसाठी खुले केले. मी तेव्हा नोकरीत होते आणि घरून काम करत होते. निवासी डॉक्टरांचे मेसेज रात्री-अपरात्री यायचे: स्टेरॉइड कधी द्यायचं, पालथं किती तास झोपवायचं. त्या महिन्यांत कोविडविषयी ‘नाही’ म्हणायची वेळ जवळजवळ आली नाही. वहीची ती पानं जवळजवळ कोरी आहेत. मात्र त्याच काळात क्षयरोगावर एकाने विचारलं, आणि तो लेख बंद होता. ती नोंद आहे.

आणि आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, ६,३०० शासकीय संस्था, १ कोटी ८० लाखांच्या घरात विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. काम गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडे. आयुष्यभर ‘नाही’ लिहिलेल्या बाईला ही बातमी वाचून काय वाटलं असेल, ते आमच्या व्यवसायातल्या माणसांना सांगायला नको. लहान गावातल्या शासकीय महाविद्यालयातला विद्यार्थी आता तेच जर्नल उघडतो जे दिल्लीचा उघडतो.

पण जयसिंगांपासून ज्या अंतराची गोष्ट मी सांगते आहे, ते आता सर्वांत लांब झालं आहे. पैसे केंद्र सरकार भरतं, करार गांधीनगरहून होतो, आणि वाचणारा कुठेतरी रात्रपाळीत बसलेला आहे. पहिल्या टप्प्यात खाजगी महाविद्यालयं नाहीत. शिवाय योजना जर्नलांची आहे. औषधांच्या परस्परक्रिया दाखवणारे डेटाबेस, पलंगाशी उघडायची निर्णय-साधनं हा खर्च अजून ज्या त्या संस्थेचाच आहे. करार नव्याने व्हायची वेळ येईल तेव्हा दिल्लीतल्या टेबलावर डाउनलोडचे आकडे असतील, आणि ते असावेतच. त्यांच्याशेजारी देशातल्या हजारो काउंटरांवरची ‘मिळालं नाही’ची पानं असतील का? त्यासाठी फार काही लागत नाही. समितीत एक निवासी डॉक्टर, एक ट्यूटर सिस्टर. वर्षातून एकदा किमतीसकट यादी वाचकांसमोर. आणि काउंटरवर चार रकान्यांची वही, किंवा तिचा संगणकावरचा अवतार. तिची बेरीज वर्षअखेर गांधीनगरला जाऊ द्या.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी भेटायला आली होती. राजस्थानीच आहे, मला ‘आंटीजी’ म्हणते. तिची एका नर्सिंग महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली आहे. मी तिला सांगानेरच्या हातकागदाची एक कोरी वही दिली. पट्टी घेऊन पहिल्या पानावर रकाने आम्ही दोघींनी मिळून आखले. तिने विचारलं, ‘आंटीजी, ये आख़िरी वाला कॉलम किसे दिखाना है?’ मी म्हटलं, समितीच्या प्रत्येक बैठकीत वही उघडून टेबलावर ठेव, आणि विषयपत्रिका वाचण्याआधी हा रकाना मोठ्याने वाच. तिने तारखेच्या रकान्यात तारीख लिहिली आणि वही पिशवीत घातली.